उमेदवारी मला मिळाली

पंचायत समितीच्या उमेदवारीसाठी आमच्या पक्षाने कार्यकर्त्यांचं मतदान घेतलं, तेव्हा काष्टीकडची ती माझ्याविरुद्ध उभी होती. बोलताना समोरच्या बाईचं मनगट धरायची तिला सवय. कुणाच्या घरी गेली की खुर्ची नाकारून सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसायची आणि निघेपर्यंत त्या घरची होऊन जायची. मला हे कधी जमलं नाही. मी दाराबाहेरच्या ओट्यावरूनच हात जोडायचे आणि मनातून तिच्यावर जळायचे.

थोडक्या मतांनी मी जिंकले. तिची माणसं एवढी चिडली, की माझ्या पहिल्या सभेला मांडवात न येता समोरच्या पारावर बसून राहिली. पुढारी समजावून थकले.

मग ती आली. माझं मनगट धरून मला पारापर्यंत घेऊन गेली आणि म्हणाली, "रुसायचं तर माझ्यावर रुसा. आपन आपसात भांडलो तर तिसराच निवडून यील. ह्यांनी शब्द दिलाय, आपल्या वाडीच्या पान्याचं काम पहिलं. व्हय ना, ताई?"

असा शब्द मी दिलेलाच नव्हता. तिने मला आधी विचारलंही नव्हतं. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"हो," मी म्हणाले.

माणसं उठून मांडवात आली. माझं भाषण त्या दिवशी खरंच चांगलं झालं. टाळ्याही पडल्या. फक्त दर वेळी लोक आधी तिच्याकडे बघायचे, आणि तिने टाळी वाजवली की मग वाजवायचे.