टगबोटीवरचं तेल

माझा नवरा धम्मरत्न भित्रा आहे, हे संत तुकाराम नगरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. वीस वर्षं चाकणच्या कंपन्यांमधल्या मशिनींचे फोटो काढतोय, पण क्रेन हलली की अजून माझा हात धरतो. मी सोबत जाते ती लाइट धरायला. त्याला धरायचं काम फुकटात.

त्याची एक सवय होती. फोटोआधी मशिनीवर तेलाचं फडकं फिरवायचं. जुनाट लोखंडही मग फोटोत कालच आणल्यासारखं दिसतं.

गेल्या महिन्यात लाकडी पेट्या बनवणाऱ्या एका शेडमधून बोलावणं आलं. मालकांनी बंदरात जहाजं ओढणारी सत्तर वर्षांची लाकडी टगबोट भंगारातून उचलून आणली होती. मालवणचे सुतार चिमाजीकाका दोन वर्षं तिच्यावर खपले होते. लोखंडी टेकूंवर चढवलेली बोट दोन पुरुष उंच. कठडा अजून बसवायचा होता आणि खाली नुसतं काँक्रीट.

पुढच्या टोकाच्या फळ्या धम्मरत्नला निस्तेज वाटल्या. शिडी घट्ट धरून चढला, फडकं फिरवलं, उतरला. लाकूड झकास चमकलं. मग मालक म्हणाले, "काकांनाही वर उभं करा." काकांनी चपला खाली काढल्या. बोटीवर ते अनवाणीच चढायचे.

ते टोकाशी पोचले आणि कॅमेऱ्यात बघता बघता धम्मरत्नचा चेहरा पांढराफटक पडला.

"अंजली," तो पुटपुटला, "तिथं मी तेल लावलंय."

ओरडावं तर काका दचकणार. मला वाटलं, आता ह्याची वाचाच बसणार. पण गिऱ्हाइकांशी बोलतो त्याच आवाजात तो म्हणाला, "काका, बसून फोटो छान येईल. आहात तिथंच बसा. सावकाश."

"उभ्यानच काढ," काका म्हणाले. "माका हलाक सांगू नको."

म्हाताऱ्याच्या हट्टाचा मला भयंकर राग आला.

"माझ्यासाठी बसा, काका," धम्मरत्न म्हणाला.

ते हळूहळू बसले. दोन्ही हात फळीवर टेकले. सवयीने धम्मरत्नने बटण दाबलं, कॅमेरा माझ्या हातात दिला आणि शिडी चढला. अंगातला शर्ट काढून, गुडघ्यांवर सरकत, तेल पुसत काकांपर्यंत गेला. दोघं मागे आले तेव्हा कोणी कोणाला धरलं होतं, मला सांगता येणार नाही.

खाली आल्यावर त्याने हात जोडले. "काका, चूक माझी. तेल मी लावलं."

"पायाक लागला तेवाच समाजला माका," काका म्हणाले. "हलाक भियालंय. तू बस म्हणालस, तेवा धीर इलो."

तो फोटो मालकांनी मोठा करून ऑफिसात लावलाय. येणारे म्हणतात, म्हातारा काय ऐटीत बसलाय. मी जवळ जाऊन काकांची बोटं पाहिली. फळीची कड घट्ट धरलेली, नखं पांढरी पडलेली. तिथं गेलो की धम्मरत्न त्या भिंतीकडे पाठ करून बसतो.