नवशीनं वखार सोडली

"मी थांबली कठं, बाय? पुरी चालली ना?"

चालण्याच्या तपासणीच्या फेऱ्या संपवून नवशी धापा टाकत बाकावर टेकली, पण तोंडावर जिंकल्याचा तोरा होता. डहाणूच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तिच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यावरचा आकडा बघत होती.

"मावशी, दम लागला तर थांबा, असं सांगितलं होतं की."

"कसाक थांबू? भारा मधीच उतरवला तं परत डोकीवर कोण चढवून देल?"

"आय, डोकीवर भारा होता कठं?" सून संगिता म्हणाली.

"नव्हता तं काय झाला? पाय तं तेच हायत ना!"

तलासरीकडच्या पाड्यावरची ही बाई. जन्म गवताच्या वखारीत काढला. दिवाळीनंतर भारे यायचे, ते दाबून गठड्या बांधायच्या, ट्रक भरून तबेल्यांना पाठवायच्या. परतीच्या पावसात भिजलेलं गवत आतून बुरसायचं. तसली गठडी फोडली की पांढरा धुरळा असा उठायचा, की शेजारीण दिसायची नाही. खोकला सगळ्यांनाच. पावसाळ्यात वखार बंद झाली की तो बसायचा, म्हणून कुणी मनावर घेतला नाही. यंदा मात्र नवशीचा बसला नाही. उलट विहिरीवरून घरी येईतो छाती भरून यायला लागली.

"लांब चाललात ते चांगलंच," डॉक्टरीण म्हणाली. "पण चालताना रक्तातला ऑक्सिजन फार खाली गेला, ते वाईट. बुरसट गवताच्या धुळीनं फुप्फुसांत वण पडून ती ताठ झालीत. ते वण आता जायचे नाहीत."

"मंग किती वरसा?"

"नक्की कुणीच सांगू शकत नाही. तुमचं वय, चालताना ऑक्सिजन किती पडतो, पुढच्या खेपेला नळीत मारायची फुंकर किती घटलेली असते, यावरून आम्ही अंदाज बांधतो. त्यातलं काहीच तुमच्या हातात नाही. हातात आहे ते बुरशीची धूळ टाळणं. गवत सोडलंत तर दिवस वाढायची आशा आहे."

"आन सोडून बी नाय वाढला तं?"

"तसंही होतं."

नवशीनं मान हलवली. बाई खोटं गोड बोलली नाही, एवढं तिला बरं वाटलं.

जीपमधून उतरल्यावर संगिता हळूच म्हणाली, "सकाळी तुने जागी मी जातां वखारीत."

"जा! मंग थोड्या वरसांनी तुला बी डहाणूला असाच चालवतील. घरातला कोणी नाय जायचा."

वखार वाटेवरच होती. मुकादम नविन दारातच उभा.

"काय नवशे, फिरून आलीस? सकाळी जुन्या गठड्या फोडायच्या हायत."

"मी नाय येत. संगिता बी नाय. कधीच नाय."

"अगो, जरासा खोकला आला तं राणी झालीस? फडका बांध तोंडाला!"

"लय वरसा बांधला. आथा तूच बांध नि घूस आत."

नविन हसला. आत गठड्या बांधणारी जमना खोकली. नवशीनं दारातूनच हाक घातली, "जमने, तू बी डहाणूला दाखवून ये गो!"

"पावसाळ्यात बरा होल!" धुरळ्यातून आवाज आला.

नवशीला आणखी बोलायचं होतं, पण दम पुरेना. ती चालू लागली. घरी अंगणात वालाच्या शेंगांचा ढीग पडला होता. तिनं पदरानं तोंड पुसलं, सूप ओढलं आणि शेंगा सोलायला बसली.