संग्रहालयातली माझी सवत

माझ्या नवऱ्याला, गोव्हर्टला, लोक साधा माणूस म्हणतात. साधा! आयुष्यभर आमच्या हार्लेम शहरातल्या कालव्यावरचा पूल होड्यांसाठी उघडत-मिटत बसला, कुणाशी वाकडं बोलला नाही, म्हणून साधा. माझ्याएवढा संसार करा त्याच्याशी, मग बोला.

त्याला खूळ एकच. आमच्या संग्रहालयात तीनशे वर्षांपूर्वीच्या एका बाईचं चित्र आहे. काळा झगा, पांढरी कडक कॉलर आणि गालांवर उजेड. लोक रविवारी चर्चला जातात, हा तिच्यासमोर जाऊन बसतो. घरी आला की मला सांगतो, "अलायदा, काय थर दिलेत गं! पातळ, एकावर एक. कातडीखालचं रक्त दिसतं!" इथे माझं रक्त आटलं, ते नाही कधी दिसलं. मी तिला सवतच म्हणते.

पुलावरची नोकरी संपली तसा तो स्वयंपाकघरात तेलाचे रंग मांडून बसला. समोर बसायला फुकटची बाई, म्हणजे मी. वाटाण्याच्या सूपला जवसाच्या तेलाचा वास, टॉवेलला टर्पेंटाईनचा. आठवडाभर तो माझा चेहरा रंगवणार, रविवारी सवतीला भेटून येणार आणि सुरी घेऊन ओला रंग खरवडून काढणार. "तिच्यासारखा नाही आला." केस माझे, खांदे माझे आणि चेहऱ्याच्या जागी चिखल! शेजारीण विचारते, हे कोण? काय सांगणार, कपाळ?

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी जबड्यात गाठ सांगितली. येत्या गुरुवारी कापणार, थोडं हाडही जाणार. चेहरा पहिल्यासारखा राहणार नाही म्हणाले. घरी येऊन खुर्चीत बसले आणि म्हटलं, "गोव्हर्ट, डॉक्टर म्हणाले..."

"हनुवटी खाली घे जरा. उजेड जातोय."

गेला उडत! नाही सांगितलं मग. पण मनाशी ठरवलं, हा चेहरा आहे तोवर एकदा तरी कॅनव्हासवर टिकला पाहिजे. मान मोडून आली तरी हूं की चूं न करता बसले.

शनिवारी त्यानं कुंचला खाली ठेवला. मी उठून पाहिलं आणि मला रडूच आलं. मी होते ती. दमलेली, चिडकी, पण मीच.

"याला हात लावलास तर याद राख," मी म्हटलं.

"नाही गं लावत."

रविवारी सवतीकडून आला तो कोटसुद्धा न काढता सुरी शोधायला लागला. माझं डोकंच फिरलं. त्याची पाठ वळली तसा मी कॅनव्हास उचलला, सायकलवर टांग टाकली आणि पुलापलीकडे मेरेलकडे, आमच्या मुलीकडे निघाले. एका हातात ओलं चित्र, समोरून वारा. कोटाची बाही रंगानं भरली, पण चेहऱ्याला धक्का लागू दिला नाही.

"आई, हे काय?" मेरेलनं दार उघडलं.

"मी आहे. आत घे. आणि बापाच्या हाती देऊ नकोस."

तो मागोमाग आलाच, धापा टाकत, हातात सुरी. रस्त्यात कुणी पोलीस कसे बोलावले नाहीत देव जाणे.

"दे ते इकडे. चुकलंय."

"काय चुकलंय रे? दर वेळी काय चुकतं तुझं?"

"डावा गाल!" तो ओरडला. एवढ्या वर्षांत तो पहिल्यांदा ओरडला असेल. "फुगलेला येतो. तिचा बघ, कानापासून कसा सरळ खाली उतरतो. उन्हाळ्यापासून दर वेळी मी तिथेच चुकतो. कितीही खरवडलं तरी पुन्हा तसाच येतो. हात गेला माझा, अलायदा."

मी त्याची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं. "इकडे बघ. मुडद्या, चित्रात नको, इकडे बघ! गाठ आहे ती. गुरुवारी कापणार आहेत."

गोव्हर्टनं सुरी टेबलावर ठेवली. रंगानं बरबटलेलं बोट माझ्या गालावर टेकवलं, दाबलं नाही.

"कधीपासून आहे?"

"मला काय विचारतोस? मला आत्ता गेल्या आठवड्यात कळलं. उन्हाळ्यापासून तूच खरवडतोयस ती."