चेझारियाच्या पंगतीतला संत

"वर्षातून एकच दिवस मी संत असतो, आणि त्या दिवशीही कुणी माझ्या पाया पडत नाही, नुसतं जेवायला बसवतात," इप्पात्सियो एकदा म्हणाला होता.

तेव्हा तो माझ्या दुकानातल्या खुर्चीत होता, गळ्याभोवती फडकं. आमच्या गावात न्हाव्याचं दुकान एकच आणि ते माझं. नाताळ उलटला की इप्पात्सियो दाढी वाढवायला लागायचा आणि मार्चमध्ये, संत जोसेफाच्या सणाच्या तोंडावर, ती कातरून घ्यायला यायचा. जोसेफाला दाढी लागते. चित्रात आहे, म्हणजे लागतेच. बायका त्याच्या गालांवरून सण किती जवळ आला ते ओळखायच्या.

"जोसेफ सुतार होता, मिस्त्री," मी म्हणायचो. "तू दगड रचणारा. चालतं का असं?"

"हाताला घट्टे दोघांच्याही. तेवढ्यावर भागवून घ्यायचं."

त्याने आयुष्यभर शेतांच्या भिंती बांधल्या. चुना नाही, माती नाही. दगडावर दगड, आणि मधल्या फटीत बसेल असा तिसरा दगड. समुद्राकाठच्या ओत्रांतोकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना ज्या करड्या भिंती दिसतात, त्यातल्या कितीतरी त्याच्या. त्यांच्या आतले जैतून आता रोगाने वाळून गेले. झाडं उभी आहेत, पण उन्हात वाळत टाकलेल्या हाडांसारखी. राखायचं काही उरलं नाही आणि राखणाऱ्या भिंती तेवढ्या शाबूत आहेत. इप्पात्सियो अजूनही त्यांची पडझड नीट करत फिरायचा. कुणी सांगितलेलं नसायचं. लग्न त्याने केलं नाही. का, ते गावाने विचारणं फार पूर्वीच सोडून दिलं होतं, कारण उत्तर गावाला माहीत होतं आणि ते समोरच्याच घरात राहत होतं.

चेझारिया त्याच आळीत वाढलेली. तिने लग्न केलं कोझिमोशी. कोझिमो स्वित्झर्लंडला बांधकामावर गेला आणि परांचीवरून पडला. तो अंथरुणातून उठेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. तेव्हा चेझारियाने नवस बोलला, की तो स्वतःच्या पायांनी या उंबऱ्यातून आत आला तर दर वर्षी संत जोसेफाची पंगत मांडीन. तो आला. लंगडत आला, पण आला.

नवसाच्या पंगतीला संत म्हणून गावातली गरीब माणसं बसवायची असा रिवाज. पहिल्या वर्षी कोझिमोने विचारलं, "आपल्या आळीत सगळ्यांत गरीब कोण?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "इप्पात्सियो. त्याच्याकडे बायकोसुद्धा नाही." तो थट्टेत बोलला. चेझारिया कणीक मळत होती, ती मळतच राहिली.

अशा रीतीने इप्पात्सियो जोसेफ झाला आणि जोसेफच राहिला. कोझिमो पुढे बऱ्याच वर्षांनी झोपेत गेला. पंगत थांबली नाही. एरवी वर्षभर इप्पात्सियो त्या घराचा उंबरा ओलांडत नसे. रस्त्यात भेट झाली की दोघं हवेबद्दल बोलत. सणाच्या दिवशी मात्र तो तिच्या घरी, भिंतीवरच्या तसबिरीखाली, मुख्य जागी बसायचा आणि तिच्या हातचं जेवायचा.

या पंगतीत बोलायचं नसतं. जोसेफ पहिला घास घेतो, मग बाकीचे संत जेवायला लागतात. तो काट्याने ताटाच्या कडेवर ठोका देतो, की सगळ्यांचे हात थांबतात, ताटं बदलतात, पुढचा पदार्थ येतो. घास अर्धा असला तरी खाली ठेवायचा. उरलेलं टोपलीत भरून ज्याचं त्याला घरी न्यायला देतात, म्हणून कुणाची तक्रार नसते. पण तो ठोका कधी पडेल हे एकट्या जोसेफाच्या हातात. गावातले दुसरे जोसेफ भराभर ठोकायचे. इप्पात्सियो सावकाश. बोलायची परवानगी नसलेल्या माणसाला वेळ लावणं एवढंच शक्य होतं, आणि तो ते पुरेपूर करायचा. तिची चण्यांची शेवई असली की ताट थंड होईपर्यंत ठोका नाही. कडू रानकांदे मात्र त्याला मुळीच आवडत नसत. ते आले की एक घास, आणि ठण्. चेझारिया दर वर्षी तिकडे पाहून नाक मुरडायची.

शेवटी, सगळं वाढून झालं की घरधनीण समोर येऊन उभी राहते आणि विचारते, "जोसेफा, काही राहिलं का?" जोसेफ तीन ठोके देतो. म्हणजे काही राहिलं नाही, पंगत पावली.

त्या वर्षी सणाच्या आदल्या दिवशी मी तिच्या अंगणात बाकं पुसत होतो. दर वर्षी मी मारियेचा बाप जोआकिम म्हणून बसतो आणि संतांना कामं सुटत नाहीत. चुलाण्यावर चण्यांचा मोठा हंडा. इप्पात्सियो जैतुनाची वाळकी लाकडं घेऊन आला आणि दारातच उभा राहिला.

"आत ये की. उद्या येणारच आहेस."

"उद्या जोसेफ येईल. आज मी आहे."

"मग जोसेफाला सांग, लाकडं जरा बारीक फोडून पाठवायची." ती पदराला हात पुसावेत तशी ॲप्रनला हात पुसत होती. मग हंड्याकडे बघत म्हणाली, "पोरगी आली आहे, रोझाल्बा. ईस्टर झाला की मी तिच्याबरोबर तिकडे उत्तरेला, तुरीनला जाते."

इप्पात्सियोने लाकडं खाली ठेवली. एकेक करून, जणू भिंत रचायची आहे.

"किती दिवस?"

"दिवस कसले. हिवाळ्यात जिन्यावरून पडले ना, तेव्हापासून पोरगी झोपत नाही. तिच्या इमारतीत लिफ्ट आहे. हे घर उन्हाळ्यात पाहुण्यांना देणार, समुद्रावर येतात त्यांना. ती चांगली आहे रे, वाईट बोलू नको."

"मी कुठे बोललो?"

"तू बोलत नाहीस तेच ऐकू येतं मला."

हंड्यात चणे एकमेकांवर आपटत होते. माझं अस्तित्व दोघं विसरली होती. न्हाव्यासमोर माणसं असंच विसरतात.

"आणि नवस?" त्याने विचारलं.

"फादरना विचारून आले. म्हणाले, या वर्षीची पंगत नीट पार पडू दे, तुझ्या जोसेफाने शेवटचे ठोके दिले की नवस फिटला. मग कुठेही जा." ती हसली. "नाहीतर माझी दोनाता व्हायची."

दोनाताची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ आहे. तिचा नवस एकाच वर्षाचा. पण तिच्या पंगतीत कडक पावावर जोसेफाचा दात तुटला आणि तो तोंड धरून बाहेर पळाला. ठोके राहिले. पंगत पावली नाही म्हणून बिचारीला पुढच्या वर्षी सगळं पुन्हा मांडावं लागलं. त्या वेळी तिने पंगतीआधी जोसेफाचे दात मोजून घेतले म्हणतात.

"तुझे दात ठीक आहेत ना?" चेझारियाने विचारलं.

"आहेत तेवढे ठीक आहेत."

तो जायला वळला, आणि अंगणाच्या मधोमध थांबून, पाठ तशीच ठेवून म्हणाला, "तुला जावंसं वाटतंय का?"

"मला कोण विचारतंय?"

"मी विचारतोय."

वाफेने तिचा चेहरा ओला झाला होता, म्हणून तिकडे पाहून काही सांगता आलं नसतं. मग म्हणाली, "जाळ कमी झालाय. एक ढलपी सरकव जाता जाता."

त्याने ढलपी सरकवली आणि गेला.

सणाच्या दिवशी उत्तरेचा वारा होता, आकाश घासल्यासारखं स्वच्छ. पांढरी चादर अंथरलेलं लांब टेबल, प्रत्येक संतापुढे गाडीच्या चाकाएवढा कडं केलेला पाव, मधल्या भोकात संत्रं, शेजारी बडीशेपेचा गड्डा, तेलाची आणि वाइनची बाटली. घर त्या दिवशी सगळ्यांना उघडं असतं. लेच्चे शहराहून एक बस आली होती. पाहुणे अंगणात उभे राहून हातातल्या वाडग्यांतून शेवई खात दारातून आत बघत होते. त्यांना घेऊन आलेली मुलगी हळू आवाजात समजावून सांगत होती.

आम्ही बसायच्या आधी एका पाहुणीने विचारलं, "तो दाढीवाला आणि ही बाई, नवरा-बायको का?"

"छे हो," पंगतीत संत पीटर म्हणून बसणारा म्हातारा बेकरीवाला क्विंतीनो म्हणाला, "एवढं मोठं भांडण त्यांचं कधी झालंच नाही."

इप्पात्सियोने ऐकलं. तो काळा कोट घालून, हातात फुलं बांधलेली काठी घेऊन दाराशी उभा होता. दाढी मीच कातरली होती, त्या सकाळी नीट विंचरलेलीही होती. फादरनी प्रार्थना म्हटली, आम्ही बसलो, आणि त्यानंतर कुणी बोललं नाही.

पहिली चण्यांची शेवई. त्याने घास घेतला, आम्ही घेतले. ती निवली. आम्ही खात राहिलो. ठोका पडेना. क्विंतीनोने टेबलाखालून मला लाथ मारली, जणू काटा माझ्या हातात होता. शेवटी ठण्. मग मधातली शेवई, तळलेला मासा, फ्लॉवर. प्रत्येक ताटाला तो गेल्या वर्षीपेक्षा जास्त वेळ लावत होता. रोझाल्बा स्वयंपाकघराच्या दारात ताटं घेऊन उभी. चांगली मुलगी, आईसारखीच रुंद हातांची. ती कुजबुजली, "आई, काकांना बरं नाही का? मासा गार होतोय."

"होऊ दे," चेझारिया म्हणाली.

मग रानकांदे आले, व्हिनेगरमधले, कडू. सवयीने आम्ही सगळ्यांनी एकेक उचलला आणि काटे खाली ठेवायच्या तयारीत राहिलो. इप्पात्सियोने एक खाल्ला. दुसरा खाल्ला. त्याच्या कपाळावर आठी चढली आणि डोळ्यांत पाणी आलं, पण तो खात राहिला, ताट पुसून काढेपर्यंत. दारातून चेझारिया पाहत होती. या वेळी तिने नाक मुरडलं नाही. ती पुढे आली आणि, जे पंगतीत कधी होत नाही ते, तिने त्याच्या ताटात आणखी दोन कांदे वाढले. त्याने वर पाहिलं नाही. तेही खाल्ले.

मला त्या क्षणी कळलं की तो माणूस चव घेत नाहीये. पाणी भरलेल्या घरात एकेक वस्तू माळ्यावर चढवावी, तसा इप्पात्सियो तो दिवस घासाघासाने जरा वर उचलून धरत होता.

पण पदार्थ संपतात. मधात घोळवलेले गोड गोळे आले आणि गेले, बडीशेप आली आणि गेली. बाहेर बसवाली मुलगी घड्याळ पाहायला लागली. चेझारियाने ॲप्रन सोडून रोझाल्बाच्या हातात दिला, केस सारखे केले आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्या बरोब्बर समोर येऊन उभी राहिली. एवढी वर्षं तिने हे वाक्य मोठ्याने, अंगणातल्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं. आज तिचा आवाज जेमतेम टेबलापलीकडे पोचला.

"जोसेफा, काही राहिलं का?"

इप्पात्सियोने काटा उचलला. ताटाच्या कडेपाशी नेला. दगड बसवायच्या आधी तो हातात तोलून धरायचा, तसा त्याने काटा थोडा वेळ धरला. मग तो ताटाला न लावता, आवाज होणार नाही इतका हलकेच, चादरीवर ठेवून दिला.

"काका," रोझाल्बा म्हणाली, "ठोके राहिले."

"मिस्त्री, हात झोपला का तुझा?" क्विंतीनोने सगळे नियम मोडून विचारलं. "काटा उचल, पोरीच्या आईला मोकळी कर!"

पंगतीत जोसेफाला दुसऱ्यांदा विचारायला कुणाची हरकत नसते. वयाने ऐकू येत नाही, विसरतो, माणूस आहे. सगळे चेझारियाकडे पाहू लागले. तिचे दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर होते आणि बोटं घट्ट आवळलेली. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

"आई, विचार ना!" रोझाल्बा म्हणाली. चेझारियाने मान खाली घातली, आणि मान खाली असूनही तिच्या गालाची कड मला दिसली. तिथे लाली चढली होती, शहात्तर वर्षांच्या गालावर जशी चढते तशी, विरळ आणि जागच्या जागी.

इप्पात्सियो उठला. त्याने खुर्ची नीट आत सरकवली, काठी भिंतीला टेकवून ठेवली, पावाचं कडं दंडात अडकवलं. तिच्या बाजूने जाताना तो क्षणभर थबकला, इतका की तिने हात पुढे केला असता तर कोटाची बाही लागली असती. मग तो अंगणात उतरला. पाहुणे वाडगी सांभाळत दोन्ही बाजूंना सरकले आणि तो त्यांच्यामधून बाहेर गेला.