हवेवर धरलेला व्हॉल्व्ह

“रविवारी सईचा साखरपुडा आहे, गाडी त्याआधी दे रे,” असं तिचे बाबा आज गॅरेजात म्हणाले आणि माझं डोकं तिथेच फिरलं.

यार लोक, सई म्हणजे जिच्यापायी मी कॉलेज सोडून गाझियाबादला थांबलोय ती. तिच्या बाबांची गाडी दुरुस्तीला मीच उस्तादकडून मागून घेतली होती. व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटलेली. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, न उतरवता ती बदलता येते. स्पार्क प्लगच्या भोकातून हवा भरत राहायची, त्या दाबावर व्हॉल्व्ह जागेवर राहतो. हवा गेली की तो सिलिंडरमध्ये पडतो.

तुटलेली स्प्रिंग काढून झाली होती, नवी बसायची होती.

“काका, सईला विचारलं का?”

“तू गाडी बघ.”

मी हवेचा पाइप उपटून फेकला. आत टक्‌ आवाज झाला.

उस्ताद धावत आला. “अब हेड खुलेगा। संडे तक तो भूल जाओ।” मग माझ्याकडे वळला, “तू घर जा।”

काकांनी शांतपणे फोन लावला. “सई, रविवारी कॅब सांग गं.”

स्पीकरवर ती हसली. “सांगते बाबा. साडी आली, मस्त आहे.”

तिच्यावर जबरदस्ती होतेय असं मी धरून चाललो होतो. सांगा, मी नक्की काय थांबवलं?

हात न पुसताच निघालो आणि गॅरेजचं दार मागे ओढून घेतलं.