निळ्या पेटीतला डोस

"मुंगी चावली बघा, झालं," असं म्हणत अण्णा कंप्युटरला पेनड्राइव्ह टोचायचे. टोचायचे हाच शब्द बरोबर आहे. उजव्या हातात पेनड्राइव्ह आणि डाव्या तळव्यानं कॅबिनेट अलगद धरलेलं, पोराचा दंड धरावा तसं. काम झालं की त्या जागी अंगठ्यानं जरा चोळायचे. मी एकदा म्हटलं, "अण्णा, त्याला दुखत नाही हो." तर म्हणाले, "तीस वर्सांची सवय हाय बाई, जाती व्हय अशी?"

अण्णा आमच्या पलूसला सरकारी दवाखान्यात आरोग्यसेवक होते. मी तेव्हा पहिलीच्या वर्गावर होते. खांद्याला लशीची निळी पेटी अडकवून ते शाळेच्या फाटकात दिसले की वर्गात आकांत उठायचा. एका वर्षी माझाच मुलगा बाकाखाली जाऊन बसला. शिक्षिकेचा मुलगा म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णा त्याच्या शेजारी बाकाखाली जाऊन मांडी घालून बसले. "गड्या, मुंगी चावती तेवढंच. मला रोज चावत्यात." पाच मिनिटांनी दोघंही हसत बाहेर आले आणि पोराचं इंजेक्शन होऊनही गेलं होतं.

पालक शाळेत भांडायला यायचे. ताप येतो, हात सुजतो, आमच्या पोराला टोचू नका. मी ठणकावून सांगायची, "अण्णांच्या हातचा डोस आहे, निर्धास्त घरी जा." आणि ते जायचे. अण्णांच्या डोसाचं कधी काही वाईट निघालं नाही. आसपासच्या गावांत त्यांच्या नावाला जो मान होता तो एवढ्या एका गोष्टीवर होता.

निवृत्तीनंतर साताऱ्याला दिलेल्या त्यांच्या लेकीनं त्यांना कंप्युटर आणून दिला. वर्षभरात त्यावर कुठून कुठून जाहिराती उगवायला लागल्या. एक पुसली की दोन हजर. दुसरा कोणी असता तर यंत्राला शिव्या देऊन मोकळा झाला असता. अण्णा माझ्याकडं आले, माझाही कंप्युटर बघितला, त्यावरही तेच. खुर्चीत टेकले आणि अगदी गंभीर आवाजात म्हणाले, "साथ हाय बाई. गल्लीतच साथ हाय."

झालं, तेव्हापासून निळी पेटी पुन्हा खांद्याला. आत बर्फ नाही, बाटल्या नाहीत, रुमालात गुंडाळलेला एक पेनड्राइव्ह. त्यात व्हायरसपासून राखण करणारं सॉफ्टवेअर. घरोघरी जाऊन ते टाकायचे, महिन्यानं परत तपासायला यायचे. पडद्याच्या कडेला पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली दिसली की स्वतः काढून माझ्या हातात द्यायचे. अनोळखी फाइल उघडली तर रागवायचे. आणि जाताना खिशातून खडू काढून कॅबिनेटच्या बाजूला लिहायचे, पोलिओच्या मोहिमेत दारावर लिहितात तसं: घराचा नंबर, तारीख आणि पुढच्या घराकडं बाण. माझ्या कॅबिनेटवरचा बाण शेजारच्या निवृत्त हवालदारांच्या घराकडं होता.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. त्यांचं हसू येतं आणि त्यांच्यावाचून अडतंही. अण्णा पक्के जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. साडेपाच वाजले की अर्धवट काम टाकून उठणार. आणि व्हायरस सापडला, आता काय करायचं, असं कंप्युटरनं विचारलं की कधीही 'डिलीट' दाबायचे नाहीत. "मारायचं कशाला? कोपऱ्यात बसवू की," म्हणत त्याला क्वारंटाईनमध्ये टाकायचे. माझ्या कंप्युटरच्या कोपऱ्यात असे दोनेकशे तरी बसवलेले होते. मी म्हणायची, "अण्णा, तुम्ही पांजरपोळ काढलाय माझ्याकडं." ते लाजून हसायचे.

एकदा मी विचारलं, हे सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं ना, मग तुम्हाला कुठून मिळतं? त्यावर एवढंच म्हणाले, "डोसाला पैसे घ्यायचे नसत्यात. हुडकलं की फुकट घावतंय." तीस वर्षं सरकारी डोस फुकट वाटलेल्या माणसाला यात काही चुकीचं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. ते टाकण्याआधी कंप्युटरची स्वतःची राखण बंद करावी लागायची, तेही मी माझ्या डोळ्यांनी बघायची. "डोस चढस्तवर ह्याला जरा गप बसवायचं," असं ते सांगायचे आणि मला ते पटायचं. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

मी निवृत्तीनंतर घरी लग्नपत्रिका तयार करून देते. मजकूर, नावं, पत्ते, सगळं त्या कंप्युटरवर. गेल्या वर्षी एका सकाळी तासगावच्या बेदाण्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला. त्याच्या लेकीची पत्रिका मी केली होती. "बाई, तुमी पाठवलेली पत्रिका उघडली आन् आमचा कंप्युटरच बसला. कुणाचं लगीन हाय?" मी कुणालाच काही पाठवलं नव्हतं. पाठोपाठ इस्लामपूरहून फोन, मग माझ्या विहीणबाईंचा. दुपारपर्यंत कळलं की माझ्या नावानं, माझ्या पत्त्यावरून, मी आजवर ज्यांच्या ज्यांच्या पत्रिका केल्या त्या सगळ्यांना एक फाइल गेली आहे.

सांगलीहून दुरुस्तीवाला बोलावला. अण्णांनाही निरोप धाडला. ते पेटी घेऊनच आले आणि माझ्या मागं खुर्ची ओढून बसले. दुरुस्तीवाला तासभर एकेक फाइल तपासत होता. मग वळून म्हणाला, "मॅडम, राखण करायला जे ठेवलंय ना, त्यातच रोग हाय. चोरीचं सॉफ्टवेअर हाय हे. ह्याच्या पोटात दुसरंच बसवलेलं. हे कुणी टाकलं?"

"मी," अण्णा म्हणाले.

"अजून कुठं टाकलंय?"

अण्णा उठले. कॅबिनेटवरच्या बाणाकडं बघत राहिले. "चौतीस घरं," म्हणाले.

दुरुस्तीवाल्यानं मग मला हळू आवाजात सांगितलं, की दीड वर्षांत मी ह्या कंप्युटरवर जे जे टाइप केलं, ते अक्षर न् अक्षर बाहेर कुणाकडं तरी जात होतं. दीड वर्षं. माझ्या मुलाचा संसार मोडला ते ह्याच दीड वर्षात. गावात मी कुणाला कळू दिलं नव्हतं. फक्त धाकट्या बहिणीला लिहायची, सगळं, सुनेबद्दल, पोराबद्दल, माझ्याबद्दल. ते कुणी अनोळखी माणूस वाचत बसला होता.

माझा स्वभाव तापट, हे शाळेतली पोरं सांगतील. पण त्या दिवशी मी जे बोलले ते तापटपणात बसत नाही. मी अण्णांकडं वळले आणि म्हणाले, "शाळेत पोरांनाही असलेच डोस टोचलेत काय हो तुम्ही?"

अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी विचारलंय आणि त्याचं उत्तर त्यांना खरंच ठाऊक नाही. मग रुमाल ओला करून कॅबिनेटवरचा खडू पुसला, पेटी उचलली आणि गेले. दिवस मावळून गेला होता. ते त्या दिवशी उपाशीच राहिले असणार, हे मला फार उशिरा सुचलं.

दुसऱ्या दिवसापासून दुरुस्तीवाल्याला सोबत घेऊन अण्णा बाणांच्या उलट्या दिशेनं निघाले. प्रत्येक दारात तेच वाक्य: "मी दिलेला डोस खराब निघाला. आधी नेटची वायर काढा." चौतीस घरं. कुणी चहा दिला, कुणी तोंडावर हसलं. हवालदारांनी दार लावून घेतलं, तर अण्णा पायरीवर बसून राहिले, दार उघडेपर्यंत. सगळे कंप्युटर कोरे करून नव्यानं भरले, त्यांची स्वतःची राखण चालू केली, पासवर्ड कसे बदलायचे ते शिकवलं. माझ्याकडं आला तो नुसता दुरुस्तीवाला. त्याच्या हाती अण्णांची चिठ्ठी होती: पासवर्ड दुसऱ्या कंप्युटरवरून बदला, एकही जुना ठेवू नका. मी चिठ्ठी ठेवून घेतली. या म्हणून निरोप काही धाडला नाही. मला अजून राग होता.

महिन्याभरानं पुण्याहून मुलाचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "आई, अण्णांचा फोन आलेला. विचारत होते, पहिलीत इंजेक्शन दिलं होतं त्या हाताला काही त्रास आहे का. पुढं कधी काही झालं का. अण्णा बरे आहेत ना?"

मी रागानं फेकलेला प्रश्न तो माणूस खरा धरून बसला होता. त्याचं उत्तर शोधत होता. मला माझीच इतकी शरम वाटली की त्या क्षणी उठून त्यांच्या घरी जायला हवं होतं. उद्या जाते म्हटलं. मग पत्रिकांचा हंगाम आला, मग पाहुणे आले. खरं सांगायचं तर त्यांच्यापुढं उभं राहायची माझी छाती नव्हती. दिवाळीला ते साताऱ्याला लेकीकडं गेले आणि तिथंच, खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

घर आवरायला लेक आली तेव्हा तिनं मला बोलावलं. "बाई, हे तुमच्या शाळेचं दिसतंय, बघा तरी." निळी पेटी होती. तिच्यात पेनड्राइव्ह नव्हता, एक वही होती. अण्णांच्या बारीक, दवाखान्यातल्या अक्षरात शाळांची नावं, वर्षं आणि खाली पोरांची नावं. पोरं कसली, आता पस्तिशी-चाळिशीची माणसं. प्रत्येकापुढं शेरा. बरा आहे. बरी आहे, दोन मुलं. सैन्यात आहे, आईनं सांगितलं. एका नावापुढं लिहिलं होतं, वारला, मोटारसायकलवरून पडून, घरी जाऊन विचारलं, डोसाचा संबंध नाही. सहा गावं फिरला होता तो म्हातारा. एसटीनं, चालत, कुणाच्या ट्रॅक्टरवर बसून. मी एक वाक्य बोलले म्हणून.

शेवटच्या पानावर माझ्या मुलाचं नाव होतं. "बरा आहे. हाताला त्रास नाही. आईला कळवणे."

वहीतल्या सगळ्या ओळींपुढं काम झाल्याची खूण होती. या एका ओळीपुढं नव्हती.