पारोळ्याच्या पेटीचा पत्ता

"मॅडम, रिपोर्टमध्ये एकच ओळ पाहिजे. 'स्थानिक टेक्निशियनने सेटिंग बदलल्याचे दिसते.' तीन वाजेपर्यंत मेल करा."

धुळ्याहून आमचे साहेब बोलत होते. फोन स्पीकरवर होता, कारण माझे दोन्ही हात केबलमध्ये गुंतले होते. आणि ज्यांच्याबद्दल ही ओळ लिहायची होती ते रफिकभाई माझ्या शेजारीच टॉर्च धरून उभे होते. साहेबांना ते दिसत नव्हतं. मी घाईघाईने "बघते" म्हणून फोन ठेवला. रफिकभाईंनी टॉर्चचा उजेड परत केबलवर धरला.

मी जळगावला एका टेलिकॉम कंपनीत ट्रान्समिशनचं काम बघते. एका गावचे फोन, इंटरनेट, बँकेची मशीनं हे सगळं उजेडात बदलून काचेच्या बारीक तारेतून दुसऱ्या गावी पोचवायचं, याला आम्ही ट्रान्समिशन म्हणतो. त्यासाठी गावोगावी एक पेटी असते. जळगाव, पाळधी, एरंडोल, पारोळा, धुळे अशी आमची ओळ आहे. सगळ्या पेट्यांवर धुळ्याच्या कंट्रोल रूममधून नजर असते. पेटी ठीक असेल तर तिथल्या स्क्रीनवर हिरवी दिसते.

पारोळ्याची पेटी मंगळवारपासून करडी झाली होती. करडी म्हणजे मेलेली नाही. फोन चालू होते, इंटरनेट चालू होतं. फक्त पेटी धुळ्याशी बोलेनाशी झाली होती. उद्या तिच्यात बिघाड झाला असता तर आम्हाला कळलंही नसतं.

अशा वेळी कोणीतरी लॅपटॉप घेऊन पेटीपाशी जायचं, तिला केबल लावायची आणि तिचा बोलण्याचा भाग तेवढा परत सुरू करायचा. दहा मिनिटांचं काम. सरळ पेटीच बंद करून चालू करता येते, पण मग तेवढा वेळ जळगाव-धुळे सगळंच बंद. ते कोणी अंगावर घेत नाही. म्हणून गुरुवारी सकाळी मी एसटीने पारोळ्याला आले.

आता अडचण सांगते. पेटीला ना स्क्रीन, ना कीबोर्ड. तिच्याशी बोलायचं तर तिचा आयपी पत्ता माहीत पाहिजे. पत्ता म्हणजे चार आकडे. पहिले दोन आमच्याकडे सगळीकडे सारखेच. तिसरा आकडा म्हणजे गल्ली समजा, आणि चौथा घर. लॅपटॉपला पण त्याच गल्लीतला पत्ता द्यावा लागतो. तुम्ही दुसऱ्या गल्लीत उभं राहून कितीही हाका मारा, पेटी ओ देत नाही.

यादीत पारोळ्याची गल्ली चार नंबरची होती. यादी मोठी नीटनेटकी. जळगाव एक, पाळधी दोन, एरंडोल तीन, पारोळा चार, धुळे पाच. नीटनेटकी होती हे मी खात्रीने सांगते, कारण ती मीच केली होती. नोकरीला लागून वर्ष झालं होतं तेव्हा. तेव्हाच्या साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं, ते मला अजून आठवतं.

लॅपटॉपला चार नंबरच्या गल्लीत उभं केलं. हाक मारली. उत्तर नाही. केबल बदलली. पोर्टचा दिवा तर हिरवागार लागत होता, म्हणजे तार ठीक. लॅपटॉपचं वायफाय बंद केलं, फायरवॉल बंद केली. पुन्हा हाक. पुन्हा काही नाही. धुळ्याला विचारलं तर ते म्हणाले, आमची वाट वेगळी आहे, लॅपटॉप लावायच्या दाराचा पत्ता आमच्याकडे नसतो, तुमच्या यादीतच बघा.

"पत्ता यादीत चारच आहे ना?" त्याच फोनवर साहेबांनी आधी विचारलं होतं.

"हो."

"आणि पेटी चारवर उत्तर देत नाही?"

"नाही देत."

"मग झालं तर. कोणीतरी बदलला. सोमवारी दार उघडल्याचा अलार्म आहे आमच्याकडे. रफिकशिवाय तिथे जातं कोण?"

मी म्हटलं, यादी पण चुकीची असू शकते. साहेब म्हणाले, "यादी कोणाची आहे?"

"आपल्या ऑफिसची," मी म्हटलं. माझी आहे असं म्हटलं नाही. तेव्हा मनात काही खोट नव्हती. पण म्हटलं नाही हे खरं.

रफिकभाई त्या खोलीत सोळा वर्षं काम करत होते. कंत्राटावर. दरवर्षी नव्या नावांची यादी निघते, आणि रिपोर्टमध्ये 'सेटिंग बदलली' असा शब्द आला की नाव गळतं. मग कोर्टकचेऱ्या करा नाहीतर काहीही करा, कोणी विचारत नाही. साहेबांनी कंत्राटदाराला आदल्या दिवशीच संशयाचा मेल टाकला होता. पारोळ्यात ते सगळ्यांना माहीत झालं होतं.

"मॅडम, मी सोमवारी पंख्याचा फिल्टर धुतला," रफिकभाई म्हणाले. "दर महिन्याला धुतो. धूळ किती असते तुम्हाला माहितीये. कसम से, दुसऱ्या कशाला हात नाही लावला. मला त्या लॅपटॉपमधलं येतच नाही तर बदलू काय?"

"मला माहितीये हो."

"तुम्हाला माहितीये, पण लिहिणार काय?"

मी उगाच पाच नंबर, सहा नंबर टाकून बघत बसले. प्रत्येक वेळी लॅपटॉपचा पत्ता बदलायचा, थांबायचं, हाक मारायची. अडीचशेच्या वर गल्ल्या आहेत. त्यातून घराचा आकडा तरी एकच असेल हे गृहीत धरून. सव्वाएक वाजला होता.

"मॅडम, एक विचारू का?" रफिकभाई म्हणाले. "ही पेटी बसवली तेव्हा मी इथेच होतो. नवीनच लागलो होतो. नानांनी बसवली."

नाना म्हणजे माझ्या आधीचे इंजिनिअर. आता रिटायर होऊन धरणगावला असतात. त्यांच्या हाताखाली मी शिकले. ऑफिसची जीप असायची, पण तिच्यात त्यांना मळमळायचं. म्हणून ते कायम एसटीने फिरायचे.

"तर नाना बसमधून उतरून आले," रफिकभाई म्हणाले. "लॅपटॉप लावला. मग खिशातून एसटीचं तिकीट काढलं, त्याच्याकडे बघितलं आणि आकडा टाकला. मला तेव्हा फार नवल वाटलं होतं. तिकिटात काय असतं मॅडम?"

मला काय ठाऊक! मी नानांना फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा उचलला. त्यांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे मीही ओरडत होते आणि तेही.

"कोन शे?"

मी नाव सांगितलं.

"काय गं पोरी! आहेस कुठे?"

"पारोळ्याला. नाना, पारोळ्याच्या पेटीचा तिसरा आकडा काय दिला होता तुम्ही?"

"नऊ."

एका क्षणात. पंचाहत्तरीच्या माणसाने विचार करायलाही वेळ घेतला नाही.

"नऊ कसा? यादीत चार आहे."

"चार कोणी केला? अगं, ते एसटीचे टप्पे. सहा किलोमीटरचा एक टप्पा, कंडक्टर भाडं त्यावरच लावतो. जळगाव शून्य. पाळधी दोन. एरंडोल पाच. पारोळा नऊ, धुळे पंधरा. मधे नवीन पेटी टाकायची झाली तर तिचा आकडा रिकामा ठेवलेला असतो. वहीत बठ्ठं, सगळं लिहून दिलं होतं मी तुला."

दिलं होतं. निळ्या पुठ्ठ्याची वही होती. मला ती डोळ्यासमोर दिसायला लागली. शून्य, दोन, पाच, नऊ, पंधरा. मी तेव्हा हसले होते. म्हटलं, म्हाताऱ्याने मधले आकडे गाळलेत. कोणाला न विचारता एक ते पाच करून टाकले, वर छान चौकटी आखल्या. पाळधीचा दोन तेवढा योगायोगाने जुळत होता. दोन वर्षांनी मी पाळधीला लॅपटॉप लावला तेव्हा पटकन लागला, आणि यादीवर माझा पक्का विश्वास बसला. बाकीच्या गावी तशी वेळच आली नाही. जळगावची पेटी मधल्या काळात बदलली गेली आणि नवीला यादीप्रमाणे एक नंबरच दिला गेला.

मला इतकी लाज वाटली की फोन ठेवल्यावर मी खाली बसले.

"काय झालं?" रफिकभाई घाबरले. "नाही सापडला?"

"सापडला." मी लॅपटॉपला नऊ नंबरच्या गल्लीत उभं केलं. हाक मारली. पेटीने पहिल्या हाकेला ओ दिली. पासवर्ड टाकला, आत गेले. बोलण्याचा भाग अडकला होता, तो एक कमांड देऊन परत सुरू केला. पेटी कोणी-कोणी उघडली याची तिच्यात नोंद असते, ती काढली. पारोळ्यातून शेवटचं लॉगिन नानांचं होतं, पेटी बसवली त्या दिवसाचं. त्यानंतर कोणीही नाही.

धुळ्याहून फोन आला. "हिरवी झाली, मॅडम! काय होतं?"

"यादी चुकीची होती. रफिकभाईंनी काही केलेलं नाही. नोंद पाठवते."

"ठीक आहे, ठीक आहे. मग 'दुरुस्त झाले' एवढंच लिहा. विषय संपला."

"संपला कसा साहेब? तुमचा कालचा मेल कंत्राटदाराकडे तसाच आहे की."

"अहो, तो राहू द्या. यादी कोणी केली त्याला आता शोधत बसायचं का?"

"शोधायला नको. मी केली."

साहेब म्हणाले, "मॅडम, पुढच्या महिन्यात तुमचं प्रमोशनचं आहे ना?"

"आहे."

"मग बघा बुवा."

तीनला पाच कमी असताना मी मेल टाकला. साहेबांना, आणि कंत्राटदारालाही. त्यात लिहिलं की पत्त्यांची यादी मी तयार केली, मूळ आकडे न विचारता बदलले, रफिकभाईंचा संबंध नाही. खाली पेटीतली नोंद जोडली.

मग लॅपटॉप बंद करून रफिकभाईंना तोंडाने सांगितलं. ते सगळ्यात अवघड गेलं.

"म्हणजे रात्रभर मला झोप नाही, कालपासून घरात कोणी जेवत नाही, ते तुमच्या यादीपायी?"

"हो."

"आणि मघाशी साहेबांना म्हणालात, ऑफिसची यादी."

"हो. ते पण."

त्यांनी पेटीचं दार लावलं, कुलूप घातलं. मी आले की ते नेहमी चहा मागवतात. त्या दिवशी मागवला नाही. मीही थांबले नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. रफिकभाईंचं नाव कंत्राटाच्या यादीत राहिलं. मला खुलासा मागणारा मेमो आला, मी खुलासा दिला. प्रमोशन एक वर्ष लांबलं. जळगाव सोडून बाकीच्या गावांचे आकडे मी पुन्हा नानांना विचारून लिहिले आणि शेजारी 'एसटीचे टप्पे' असं टाकलं.

यातून शिकायचं असेल तर एवढंच. दुसऱ्याच्या वहीतला आकडा वेडावाकडा दिसला, तर तो सरळ करण्याआधी त्याला फोन करावा. तो फोन उचलतोय तोवर.

पारोळ्याला मी अजून जाते. रफिकभाईंनी पेटीच्या दारावर आतून मोठा नऊ काढून ठेवलाय. चहा आता मिळतो, पण नंतर. आधी ते किल्ली हातात धरून दारात उभे राहतात आणि विचारतात, "मॅडम, यादी तुमची आणली का नानांची?"

नानांची म्हटल्याशिवाय कुलूप काढत नाहीत.